वाचकांचे नेहमीचे प्रश्न: सिनेमा-मालिकांवरच्या लिखाणाबद्दल

रविवारी परीक्षण छापून आलं की दुपारपर्यंत प्रतिक्रिया सुरू होतात. पोस्टकार्ड अजूनही येतात, ईमेल येतात, व्हॉट्सॲपवर लांबलचक आवाजी निरोप येतात. बालगंधर्वच्या आवारात किंवा मंडईत कोणीतरी थांबवून "तुमचं ते पटलं नाही हं" असं सांगतंच. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. क्रमाला काही अर्थ नाही, आपला वाटेल त्या प्रश्नापासून वाचा.

तुम्हाला सिनेमा फुकट बघायला मिळतो ना?

बहुतेक वेळा नाही. हिंदी सिनेमाचे पत्रकारांसाठीचे खेळ मुंबईत होतात, पुण्याच्या वाट्याला क्वचित काही येतं. मराठी सिनेमांचे खास खेळ मात्र इथे कोथरूड भागात होतात आणि बोलावणंही येतं. मी जाते, पण परीक्षण त्या खेळावरून लिहीत नाही. तिथे अर्धं थेटर कलाकारांच्या नातेवाइकांनी भरलेलं असतं. श्रेयनामावलीत नायकाच्या मामेभावाचं नाव आलं तरी टाळ्या पडतात, विनोद पुरा व्हायच्या आत हशा होतो, आणि बाहेर पडताना दारात दिग्दर्शक हात जोडून उभा असतो. "कसा वाटला?" या प्रश्नाला त्या दारात खरं उत्तर देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

शुक्रवारच्या साध्या खेळाला तिकीट काढून बसलं की गोष्ट वेगळी. मध्यंतराच्या आधीच मोबाइलचे उजेड दिसायला लागले की काही वेगळं विचारायची गरज उरत नाही.

स्टार का देत नाही? साडेतीन की दोन, एवढंच सांगा.

स्टार दिले की वाचक तेवढेच बघतात, आणि मग भांडण सिनेमावर न होता अर्ध्या स्टारवर होतं. शिवाय निर्माते ते स्टार कापून पोस्टरवर चिकटवतात. माझी वाक्यंही कापून चिकटवतात म्हणा, पण त्यासाठी त्यांना निदान वाचावं तरी लागतं.

आम्हाला सिनेमा आवडला, थेटरात लोक रडत होते, आणि तुम्ही झोडपलात. मग आम्ही मूर्ख का?

हे पत्र सगळ्यात जास्त वेळा येतं, सिनेमाचं नाव तेवढं बदलतं. नाही, तुम्ही मूर्ख नाही. परीक्षण सिनेमाचं असतं, प्रेक्षकाचं नसतं. तुम्ही रडलात ते खरंच आहे. मीही रडते. आई रुग्णालयात, मुलगा परदेशात आणि मागे बासरी, एवढं जमवून आणलं की माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. मला बघायचं असतं ते एवढंच, की पाणी नेमकं कशाने आलं. पडद्यावरच्या त्या एका बाईमुळे, की आपण घरून मनात घेऊन आलेल्या आपल्याच आईमुळे? दुसऱ्या प्रकारात दिग्दर्शकाने फारसं काही केलेलं नसतं, तुमचंच तुम्हाला परत दिलेलं असतं. परीक्षणात मी हा फरक शोधत असते. तो तुम्हाला महत्त्वाचा वाटत नसेल तर आपलं पटणार नाही, आणि त्यात कोणाचंच काही बिघडत नाही.

पण वाद घालायचाच तर "लोक रडत होते" याच्या पुढे जाऊन घाला. कोणत्या प्रसंगात, कोणत्या वाक्याला, आणि तिथेच का? अशी पत्रं मी जपून ठेवते. एका निवृत्त परिचारिकेने लिहिलं होतं की अमुक सिनेमातली नर्स त्यांना खरी वाटली, कारण सलाइन लावताना ती रुग्णाच्या तोंडाकडे न बघता शिरेकडे बघते आणि तोंडाने मात्र त्याच्याशी गप्पा मारत राहते. "आम्ही असंच करतो, म्हणजे त्याचं लक्ष हातावर राहत नाही." मी शंभरदा तो प्रसंग पाहिला असता तरी हे मला दिसलं नसतं. एसटीतून निवृत्त झालेल्या एका वाहकाने १९८० च्या सुमारास घडणाऱ्या गोष्टीतल्या कंडक्टरच्या हातात तिकिटाचं इलेक्ट्रॉनिक मशीन पकडलं. त्या काळी पत्र्याच्या पेटीत छापील तिकिटांच्या गड्ड्या आणि हातात टकटक वाजणारी पंच असायची, हे त्यांनी सविस्तर लिहिलं. पेटीत गड्ड्या कशा लावायच्या तेसुद्धा.

दिग्दर्शकाने कुठे कष्ट घेतले आणि कुठे वेळ मारून नेली, हे अशा माणसांना माझ्या आधी कळतं. मला कॅमेरा आणि संकलन थोडंफार कळतं. शीर कळत नाही, गाय व्याली की काय करतात ते कळत नाही, सोसायटीच्या सभेत ठराव कसा हाणून पाडतात ते थोडं कळतं. म्हणून तुम्हाला जे कळतं त्याबद्दल लिहा. "अभिनय उत्तम, संगीत श्रवणीय" हे मी स्वतःच लिहू शकते, आणि तेही टाळायचा प्रयत्न करते.

आधीच मराठी सिनेमाला प्रेक्षक नाही. निदान मराठी पत्रकाराने तरी सांभाळून लिहावं.

तळमळ कळते, तोडगा पटत नाही. चार जणांचं घर मल्टिप्लेक्सला जातं तेव्हा तिकिटं, पार्किंग आणि मुलांचे पॉपकॉर्न मिळून महिन्याच्या खर्चात खड्डा पडतो. माझ्या सांभाळून लिहिण्यावर विसंबून ते घर एकदा फसलं, तर पुढच्या महिन्यात येणाऱ्या चांगल्या मराठी सिनेमाला ते फिरकणार नाही. तोटा त्या दुसऱ्या दिग्दर्शकाचा होतो, ज्याने काही पाप केलेलं नसतं.

'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. 'श्वास' २००४ मध्ये, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' २००९ मध्ये आणि 'कोर्ट' २०१५ मध्ये भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. २०१६ च्या 'सैराट'ने शंभर कोटींच्या वर कमाई केली. यांपैकी एकालाही सांभाळून घ्यावं लागलं नव्हतं. मात्र एक भेद मी करते. पहिला सिनेमा करणाऱ्याची धडपड आणि पाचवा सिनेमा उरकणाऱ्याचा आळस, दोन्हींना मी एक पट्टी लावत नाही. धडपड फसली तरी ती कशासाठी होती ते आधी लिहिते. आळसाला माया दाखवायचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

तुमचं वाचून जायचं ठरवलं, तर पुण्यात मोजके खेळ, तेही सकाळी दहाला. याविरुद्ध का लिहीत नाही?

लिहिते, पण "मराठीवर अन्याय" एवढं म्हणून थांबलं तर काही हाती लागत नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. मग प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. मंगळवारी दुपारी साडेबाराला बँकेतला माणूस सिनेमाला कसा येणार, हा प्रश्न तिथेच राहिला.

मल्टिप्लेक्सचं गणित साधं असतं. कोणत्या सिनेमाला किती पडदे द्यायचे ते आगाऊ नोंदणी बघून ठरतं, आणि शुक्रवार ते रविवारच्या गर्दीवरून सोमवारी पुन्हा वाटप होतं. मोठा हिंदी किंवा डब केलेला दाक्षिणात्य सिनेमा त्याच शुक्रवारी असला की वितरक जास्तीत जास्त खेळ आपल्याकडे ओढतो. मराठी प्रेक्षक मात्र "बघू, चार जणांकडून ऐकू आणि मग जाऊ" असा असतो. चार जणांकडून ऐकेपर्यंत बुधवार उजाडतो आणि खेळ निघालेला असतो.

पूर्वी हे वाट बघणं परवडायचं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रभातला (आताचं किबे लक्ष्मी) मराठी सिनेमा आठवड्यांवर आठवडे मुक्काम ठोकायचा. आज लागला, पुढच्या आठवड्यात मामी आली की जाऊ, असं म्हणता यायचं. आता तसं म्हणणाऱ्यांनी मामीला गुरुवारीच बोलवावं.

सिनेमाने दहा कोटी कमावले म्हणतात, आणि निर्माता तरी रडतोच. खरं काय?

दोन्ही खरं असू शकतं. समजा तिकीट २३६ रुपयांचं आहे. शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये सरकारचे. उरलेल्या २०० रुपयांना धंद्यात 'नेट' म्हणतात आणि २३६ ला 'ग्रॉस'. पोस्टरवर नेहमी ग्रॉस असतं, हे वेगळं सांगायला नको. आता २०० रुपयांतला हिस्सा. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं मोठं भांडण झालं, काही आठवडे नवे सिनेमे लागलेच नाहीत. मग जी विभागणी ठरली तीत निर्माता-वितरकाच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि नंतर ३० टक्के असा हिशेब होता. अशा हिशेबाने पहिल्याच आठवड्यात २३६ चे १०० होतात. त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क, बसथांब्यावरच्या जाहिराती, आणि हो, ते खास खेळाचे समोसे.

सिनेमा तोंडी प्रसिद्धीवर तिसऱ्या आठवड्यात चालू लागला, तर तोवर हिस्सा खाली आलेला असतो. मराठीत चांगले सिनेमे बहुधा असेच चालतात, हीच पंचाईत. म्हणून मी कमाईचा आकडा छापते तेव्हा तो ग्रॉस की नेट ते सोबत लिहिते. निर्मात्याच्या प्रसिद्धीपत्रकातला आकडा असेल तर तसं म्हणते.

रटाळ मालिका बंद का होत नाहीत? तुम्ही वाहिनीला सांगा ना!

वाहिनी माझं ऐकत नाही. ती दर गुरुवारी येणाऱ्या बार्कच्या, म्हणजे टीव्ही कोण किती बघतं ते मोजणाऱ्या संस्थेच्या, आकड्यांचं ऐकते. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत बार्कचं मीटर बसवलेलं आहे. वाहिन्यांच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतं आणि त्या वेळी टीव्हीसमोर घरातलं कोण आहे ते घरच्यांनी बटण दाबून नोंदवायचं असतं. शितावरून भाताची परीक्षा, तसा हा प्रकार. ती घरं कोणती ते गुप्त असतं, तेव्हा "आमच्या सोसायटीत कोणीच बघत नाही" या पुराव्याला तिथे किंमत नाही. आणि खरं सांगू का, तुमच्या सोसायटीत बघतात. मालिकेवर मला येणाऱ्या सगळ्यात चिडलेल्या पत्रांत कथानकाचा तपशील इतका अचूक असतो की लिहिणाऱ्याने एकही भाग चुकवलेला नाही हे उघड दिसतं.

वाहिनीचा तोटा तुम्ही पत्र लिहिल्याने होत नाही, टीव्ही बंद केल्याने होतो. तेही मीटर असलेल्या घराने केला तर.

मालिका ताणतात त्याला आणखी एक कारण आहे. आठवड्याला सहा भाग द्यायचे, कधी महाएपिसोड धरून सात, आणि हाताशी तयार भागांची बँक जेमतेम. संध्याकाळच्या चित्रीकरणाचे संवाद दुपारी सेटवर येतात. अशा वेळी लग्नाच्या मंडपात प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा फिरवला की पाऊण मिनिट निघतं. लेखकाला याची लाज वाटते, पण त्याच्याकडे वेळ नसतो. 'लीप' येतो, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे उडी मारते, तोही बहुधा यामुळेच: गोष्ट संपलेली असते आणि आकडे बरे असतात.

त्या खलनायिकेला तुम्ही समजावून का सांगत नाही? तुमच्या ओळखीची असेल.

असं पत्र खरंच येतं, आणि एकदा नाही. बहुतेक लिहिणाऱ्या आजी असतात, अक्षर सुरेख असतं. आजी, ती बाई पडद्यावर सुनेच्या दुधात काहीबाही मिसळते, पण घरी स्वतःच्या सासूला डॉक्टरकडे घेऊन जाण्यासाठी सेटवरून लवकर सुटी मागते. तुम्ही तिच्यावर एवढ्या रागावलात हे मात्र तिला जरूर कळवते. तिच्या लेखी ती शाबासकी असते.

पेशव्यांचा, शिवकालाचा इतिहास वाटेल तसा दाखवतात. तुम्ही गप्प का?

गप्प नसते, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. इतिहास म्हणून काय चुकलं, आणि सिनेमा म्हणून काय चुकलं.

डिसेंबर २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला तेव्हाचे दिवस पुण्यात अनेकांना आठवत असतील. 'पिंगा' गाण्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या म्हणून पेशव्यांच्या वंशजांसह पुष्कळांनी आक्षेप घेतला, कोथरूडमध्ये विरोधामुळे पहिल्या दिवशीचे खेळ रद्द झाले. काशीबाईंना पायाचं दुखणं होतं, त्या अशा नाचणं शक्यच नाही, हा आक्षेप रास्त आहे आणि तो नोंदवायलाच हवा. पण सिनेमा ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' या कादंबरीवर बेतलेला होता. कादंबरीवरून केलेल्या सिनेमाला बखरीचे नियम लावायचे तर आधी कादंबरीला लावावे लागतील.

माझी तक्रार वेगळीच असते. ऐतिहासिक म्हणवणाऱ्या सिनेमांत माणसं उभी कशी राहतात, जेवतात कशी, आर्जव करतात कशी, इकडे कोणाचं लक्ष नसतं. दागिन्यांवर संशोधन आणि बोलण्यात मात्र "निघूयात", "करूयात". दोन दोन तलवारी फिरवणारा सरदार आजच्या निवेदकासारखा बोलला की माझं मन उठतं. यावर पत्रं जवळजवळ येत नाहीत. पगडी चुकली की पोतंभर येतात.

या शहराला हा वाद नवा नाही. १९७२ मध्ये भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला तेव्हाही नाना फडणवीसांच्या चित्रणावरून रान उठलं होतं. तो वाद आजही कट्ट्यांवर निघतो. अर्ध्या लोकांनी नाटक पाहिलेलंही नसतं, पण म्हणून कोणी मागे हटत नाही.

तुम्ही पेठेतल्या चष्म्यातून बघता, म्हणून ग्रामीण सिनेमा कळत नाही.

कधी हे वाक्य असं सभ्य येतं, कधी थेट जात काढून येतं. जात काढणाऱ्या पत्रांना उत्तर देत नाही, ती छापतही नाही. सभ्य प्रश्नाला मात्र उत्तर द्यायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. पुण्यात बसून लिहिणाऱ्याला 'गावरान भाषा' नावाची एकच भाषा ऐकू येते. करमाळ्याकडचं बोलणं, कोल्हापूरचं, नांदेडचं आणि खानदेशातलं यांत किती अंतर आहे ते सोलापूरहून, जळगावहून येणारी पत्रं सांगतात. 'सैराट'मधली बोली करमाळ्याच्या मातीतली होती म्हणून ती कानाला खरी लागली. त्यानंतर आलेल्या कितीतरी सिनेमांत आणि मालिकांत तिची नक्कल विदर्भापासून कोकणापर्यंत सगळ्यांच्या तोंडी घातली गेली. हे मला वारंवार बजावलं ते वाचकांनी. परीक्षणात बोलीबद्दल लिहायचं असलं की त्या भागातल्या वाचकाला आता मी आधी फोन करते.

नातवंडांना घेऊन बघता येईल का, एवढंच लिहा.

लिहिते. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर सेन्सॉर बोर्डाच्या यूए प्रमाणपत्रात (मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायचा सिनेमा) तीन पायऱ्या आल्या: ७+, १३+ आणि १६+. या पायऱ्या पालकांना अंदाज यावा म्हणून आहेत. मोठ्यांबरोबर आलेल्या मुलाला दारात अडवलं जात नाही. 'ए' असेल तर मात्र अठराच्या आतल्यांना आई-वडील सोबत असले तरी प्रवेश नाही. तिकीट काढून वाद घालू नका.

ओटीटीवरच्या वेब मालिका सेन्सॉर बोर्डाकडे जात नाहीत. तिथली वयाची खूण ती कंपनीच ठरवते. तक्रार असेल तर आधी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायची, पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असा नियम आहे. टीव्ही वाहिन्यांचीही तीच रीत: आधी वाहिनी, समाधान झालं नाही तर वाहिन्यांनीच उभारलेली स्वयंनियमन संस्था. मला लिहिलंत तर मी बातमी करू शकते, प्रसंग कापू शकत नाही.

पैसे घेऊन चांगलं लिहिता का?

परीक्षणासाठी नाही. पण तुमचा संशय ज्यामुळे येतो ते सांगते. सिनेमा लागण्याच्या आधीच्या आठवड्यात पुरवण्यांत ज्या मुलाखती येतात, "भूमिकेसाठी दोन महिने लाठी शिकलो" छापाच्या, त्या प्रसिद्धीच्या वेळापत्रकातून येतात. एका हॉटेलात कलाकार बसवतात, पत्रकारांना दहा-दहा मिनिटं देतात आणि प्रश्न काय विचारू नयेत तेही कोणीतरी कानात सांगून जातं. म्हणून सगळीकडे तीच उत्तरं वाचायला मिळतात. त्याशिवाय विकत घेतलेली जागा असते. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं असतं, चष्मा लावून शोधा. ते मी लिहिलेलं नसतं.

कथा का फोडता?

मध्यंतरापर्यंतची सांगते, पुढची नाही. शेवटाबद्दल लिहिल्याशिवाय गत्यंतर नसेल तर तसं वर लिहून ठेवते. मालिकांना हा नियम लावत नाही, तिथे वाहिनीचा प्रोमोच आधी सगळं सांगून टाकतो.

अमक्या अभिनेत्रीचा संसार मोडला म्हणतात. तुम्हाला नक्की माहीत असेल.

असेलही. ती स्वतः बोलली तर छापीन. अब्रूनुकसानीचं कलम (भारतीय न्याय संहितेतलं ३५६) आहेच, पण ते नसतं तरी उत्तर हेच राहिलं असतं. सिनेमा वाईट आहे असं म्हणायचा अधिकार तिकिटाबरोबर मिळतो, घरात डोकावायचा मिळत नाही.

लहानपणी पाहिलेला जुना मराठी सिनेमा कुठे बघायला मिळेल? लॉ कॉलेज रस्त्यावरच्या अर्काइव्हमध्ये देतात का?

हा माझा आवडता प्रश्न. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, पी. के. नायर यांनी रीळ रीळ गोळा करून ते उभं केलं. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पण ते जतनासाठी आहे, वाचनालयासारखं घरी न्यायला मिळत नाही. तिथे होणाऱ्या खेळांवर लक्ष ठेवा, अभ्यासासाठी हवा असेल तर रीतसर अर्ज करा.

पुष्कळ सिनेमे मात्र उरलेच नाहीत. जुनी रिळं नायट्रेटवर असायची, ती भडकन पेट घेतात. २००३ च्या जानेवारीत प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात (आताची एफटीआयआय ही चित्रपट प्रशिक्षण संस्था) आग लागली तेव्हा असा बराच साठा गेला. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून जास्त चित्रपट निघाले, हाताशी आहेत ते अगदी मोजके. त्यामुळे घरात माळ्यावर जुनं रीळ, गाण्यांची छापील पुस्तिका, थेटरातलं हस्तपत्रक असलं तर रद्दीत घालण्याआधी संग्रहालयाला विचारा. एका वाचकाकडे आजोबांनी जमवलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा निघाला होता, सुनेने तो दिवाळीच्या सफाईत काढून ठेवला होता. आजोबा प्रत्येकीवर मागे शाईने लिहायचे: कोणाबरोबर पाहिला, आणि वाईट असेल तर "पैसे फुकट". दोन शब्दांत परीक्षण.

पीफच्या (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) सिनेमांना एवढी जागा का? ते कोण बघतं?

जानेवारीत थंडीत रांगा लावणारे बघतात, आणि त्या रांगेत एफटीआयआयच्या मुलांपेक्षा निवृत्त मंडळी जास्त दिसतात. त्यांच्या प्रतिक्रिया फार निर्भीड असतात. इराणी सिनेमा संपल्यावर "छान होता, पण बाई शेवटी घरी गेली की नाही?" असं मोठ्याने विचारायला धैर्य लागतं. दिग्दर्शक समोर असला तर जास्तच.

माझ्याकडे सत्य घटनेवरची कथा आहे. कोणाला दाखवू?

मला नको. वाचली तर उद्या मिळतंजुळतं काही पडद्यावर आलं की आपले संबंध बिघडतील. आधी पूर्ण लिहा, मग मुंबईच्या पटकथालेखक संघटनेकडे सभासद होऊन नोंदवा, मग दाखवत फिरा. "सैराटसारखी आहे" असं कृपा करून पहिल्या ओळीत लिहू नका.

छापलेल्या मजकुरात चूक दिसली तर?

संपादकांना लेखी कळवा, तारीख आणि पान घालून. चूक असेल तर दुरुस्ती त्याच पानावर येते. तरी समाधान झालं नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जाता येतं. दैनिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत, आणि आधी संपादकांना लिहिल्याचा पुरावा जोडून. मात्र "चूक" म्हणजे नाव, साल, आकडा, घटना. मला तुमचा लाडका नायक लाकडी वाटला, ही चूक परिषदेच्या अखत्यारीत येत नाही.

पत्र किती लांब असावं? नाव छापता का? कापाकापी करता का?

दोनशे शब्दांत बसलं तर जसंच्या तसं जाण्याची शक्यता जास्त. लांब असेल तर कापते, पण अर्थ उलटा होईल असं नाही. नाव आणि गाव लागतंच, छापू नका म्हणालात तर छापत नाही. निनावी पत्र वाचते आणि तिथेच संपतं. आवाजी निरोप पूर्ण ऐकते, पण छापायचा असेल तर लिहूनच पाठवा, मला टंकायला लावू नका. सिनेमा न पाहता लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं, कारण त्यात फक्त ट्रेलरमधल्याच प्रसंगांची नावं असतात.